शेवंताबाई जे बोलल्याच नाहीत

शेवंताबाई, राहणार चिंचमळा वस्ती, विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्यापासून आत. यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, मे महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेअकरा वाजता, सेनापती बापट रस्त्यावरच्या एका वातानुकूलित कचेरीत. शेवंताबाई त्या वेळी तिथे नव्हत्या. त्या आपल्या वावरात मेथी उपटत होत्या. अन्याय करणारी मात्र तिथे हजर होती. ती मी.

पत्रकं लिहायची सवय असल्यामुळे मुद्दा आधी सांगून टाकला. आता उन्हाळ्याबद्दल.

मे पुन्हा आलाय. नारायण पेठेत मी कॉट बेसिसवर राहते ती खोली पत्र्याखाली आहे. दुपारी एकनंतर तिथे गाद्या राहू शकतात, माणसं नाही. म्हणून आम्ही परगावच्या मुली जिथे पंखा असेल तिथे जाऊन बसतो. वाचनालयात, सायबर कॅफेत, झेरॉक्सच्या दुकानात. परवा अशीच झेरॉक्सच्या दुकानात पहिल्या वर्षाची एक मुलगी भेटली. हातात बायोडेटाच्या दहा प्रती, अजून गरम. म्हणाली, "ताई, पीआरमध्ये इंटर्नशिप मिळतेय. काम सोपं असतं ना?" त्या गरम कागदांचा वास नाकात गेला. सोपं असतं, मी म्हटलं. तेच तर वाईट आहे.

गेल्या उन्हाळ्यात मला सारखी थंडी वाजायची. वर्ध्याच्या उन्हात वाढलेली मी, पुण्याच्या उन्हाळ्याला हसायचे. पण मी इंटर्न होते त्या पीआर एजन्सीत, म्हणजे कंपन्यांची प्रसिद्धी करणाऱ्या कचेरीत, एसी असा लावलेला असायचा की ओढणी डोक्यावरून घेऊन बसावं लागे. सकाळी नऊला पोचायचं. टेबलावर सगळ्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, बाजूला कात्री, गोंद आणि मोजपट्टी. आपल्या गिऱ्हाईक कंपन्यांचं नाव कुठे आलंय ते शोधायचं, कापायचं, पांढऱ्या कागदावर चिकटवायचं आणि पट्टी लावून मोजायचं. किती कॉलम, किती सेंटीमीटर. बातमी खरी की खोटी याला पट्टी नव्हती. दुपारपर्यंत बोटांवर गोंदाचा पापुद्रा यायचा आणि मी तो मीटिंगमध्ये टेबलाखाली सोलत बसायचे. अजूनही कुठे ताजा गोंद हुंगला की मला गार वाटतं.

तिथे मला घेतलं ते एका पत्रकामुळे. कॉलेजनं फी वाढवली तेव्हा आमच्या संघटनेसाठी मी लिहिलं होतं, 'फी वाढवा, पण आधी नळाला पाणी आणा.' ते पत्रक कसं कोण जाणे एजन्सीच्या मुग्धा मॅडमच्या हातात पडलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"संघटनेत फुकट लिहितेस?"

"हो."

"इथे पण फुकटच आहे. पण एसी आहे. उद्यापासून ये."

संघटनेतल्या मुलांनी ऐकवलं, "अर्चना, गेलीस ना भांडवलदाराच्या दारी." मी म्हटलं, इंटर्नशिपला शंभर मार्क आहेत, ते तुम्ही देणार का? आणि खरं सांगू? मलाही तिथे जायचं होतं. आम्ही शाळेत असताना देशाचे दरवाजे उघडले म्हणतात. आम्ही कॉलेजात आलो तोवर त्या दरवाज्यातून काय काय आत येऊन बसलं होतं. उसाच्या फडात काचेच्या इमारती उगवत होत्या. शनिवार पेठेतल्या मैत्रिणीच्या घरी भावाला आयटीत नोकरी लागली म्हणून पेढे वाटले, आणि तिच्या वडिलांना कंपनीचं नाव धड म्हणता येत नव्हतं तरी ते दिवसभर तेच म्हणत होते. सगळं शहर विश्वास ठेवायला तयार बसलं होतं. त्याला फक्त कोणीतरी नीट मराठीत सांगायला हवं होतं. ते काम माझ्याकडे आलं.

आता त्या धंद्यातली एक रीत सांगते, कारण सगळं त्या रीतीवर फिरलं. प्रेसनोटमध्ये कोट असतो, म्हणजे कोणाच्या तरी तोंडचं वाक्य. तुम्ही पेपरात वाचता, 'अमुक साहेब म्हणाले.' साहेब काही म्हणालेले नसतात. ते वाक्य एजन्सीतली एखादी पोरगी लिहिते, साहेबांना फॅक्स होतं, साहेब त्यावर सही करतात आणि मग ते म्हणालेले असतात. कोट आधी, तोंड नंतर. पहिल्याच आठवड्यात मी तीन संचालक आणि एका कुलगुरूंच्या वतीनं बोलले. मजा यायची. हे लिहायला लाज वाटते, पण मजा यायची.

त्या मंगळवारी एका सॉफ्टवेअर कंपनीची नोट होती. कंपनी चिंचमळ्याशेजारी आपला परिसर वाढवत होती आणि वस्तीतल्या मुलींना शाळेत न्यायला एक मिनीबस देणार होती. मुग्धा मॅडम म्हणाल्या, "संचालकांचा कोट झाला. आता एका आईचा हवा. जरा मातीतला."

"कोणत्या आईचा?"

त्यांनी यादी पुढे सरकवली. वस्तीतल्या मुलींची आणि त्यांच्या आयांची नावं. "यातलं कुठलंही घे."

मी शेवंताबाई घेतलं. नावाला फुलाचा वास होता म्हणून. यादीसोबत एक नकाशा होता. त्यात वस्तीपासून शाळेपर्यंत तुटक रेषा आणि तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं, 'पाणंद'. दोन शेतांच्या बांधांमधून जाते ती वाट. शब्द आवडला, म्हणून तोही घेतला. आणि चहा निवायच्या आत लिहिलं:

'आता त्या काट्याकुट्याच्या पाणंदीनं कोण जातंय? आमच्या पोरी कंपनीच्या गाडीनं ऐटीत शाळेला जातात.'

मुग्धा मॅडम मोठ्यानं हसल्या. "मस्त. 'ऐटीत' काढू नकोस हं." संचालकांच्या कोटावर संचालकांची सही आली. आईच्या कोटावर कोणाची सही घ्यायची हा प्रश्न कोणालाच पडला नाही. मे महिन्यात शाळाच बंद असतात, मग पोरी गाडीनं जातात कशा, हाही पडला नाही. मला, नुकतीच परीक्षा देऊन उठलेल्या मला, तोही पडला नाही. नोटेखाली 'अधिक माहितीसाठी संपर्क' म्हणून माझं नाव गेलं. बुधवारी शब्दही न बदलता छापून आलं, चौकटीत, बसच्या फोटोसकट. मी कात्रण मोजलं, चिकटवलं, एक प्रत वर्ध्याला बाबांना पाठवली. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तेच वाक्य वाचून दाखवलं आणि म्हणाले, "याला म्हणतात लोकांची भाषा."

इतकं सोपं असतं.

डिसेंबरात एका सकाळी घरमालकीणबाईंनी जिन्यातून हाक मारली. "अहो अर्चना, खाली तुमच्याकडे कोणी आलंय. बसायचं असेल तर पायरीवर बसा, आत नुकतं पुसलंय." खाली गेले. पंचेचाळिशीच्या एक बाई उभ्या होत्या. हिरवं नऊवारी, डोक्यावर पदर, पायांत धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. बरोबर तेरा-चौदा वर्षांची मुलगी. बाईंच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन कागद. एक त्या चौकटीची झेरॉक्स, दुसरा आमच्या नोटेचा फॅक्स. त्या आधी पेपरच्या कचेरीत गेल्या होत्या. तिथल्या उपसंपादकानं फाइलमधून फॅक्स काढून दिला होता, 'आम्ही नाही लिहिलं, यांनी लिहिलं' म्हणून. तिथून एजन्सी, तिथून कॉलेज, तिथून ही पायरी.

"तूच का अर्चना?"

"हो."

"तू मला कुठं भेटली व्हतीस?"

"नाही भेटले."

"फोन केलाता?"

"नाही."

"मग म्या बोलले कवा?"

त्यांनी कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "लिव्हलंयस झ्याक. मी बोलले असते तर आसंच बोलले असते. पन हे न्हाई बोलले असते."

मग पायरीवर बसून त्यांनी सांगितलं ते असं. कंपनीची वाढीव भिंत बरोबर त्या पाणंदीवरून जाणार होती. वस्तीनं तहसील कचेरीत दावा लावला होता, वाट अडवू नका म्हणून. अर्जावर पहिली सही शेवंताबाईंची. कायदा साधा आहे: वाट वहिवाटीत असेल, म्हणजे लोक रोज वापरत असतील, तर ती अडवता येत नाही. वापरात नसेल तर प्रश्न मिटला. नोव्हेंबरात सुनावणी झाली. कंपनीच्या वकिलांनी जास्त काही केलं नाही. कात्रण पुढे ठेवलं. पहिली सही करणारी बाईच म्हणतेय, 'आता त्या पाणंदीनं कोण जातंय?'

"म्या म्हनलं, सायेब, हे मी बोलले न्हाई. तर सायेब म्हनले, मग छापून आल्यावर खुलासा का न्हाई केला? आता आमच्या वस्तीवर कुनाकडं पेपर येतो?"

दावा फेटाळला. दिवाळीत बसही बंद झाली होती, करार संपला म्हणून. सुनावणीनंतर पंधरा दिवसांत भिंत उभी राहिली. शाळेला जायला उरला तो आळंदी रस्ता, ट्रक, डंपर आणि खडीच्या गाड्यांमधून. वस्तीतल्या एका मुलीच्या दप्तराला ट्रक घासून गेला. दप्तर फाटलं, पोरगी वाचली. या भेटीनंतर, जानेवारीपासून, शेवंताबाईंनी त्यांच्या मनीषाला घरी ठेवलं. हीच ती बरोबर आलेली मुलगी. आठवीत होती. आता मेथीच्या जुड्या बांधते.

मला राग येतो तेव्हा लिहिता येतं, ही माझी जुनी खोड. त्या दिवशी राग आला आणि लिहिता येईना. कारण राग धरायला समोर कंपनी होती, वकील होते, तहसील होतं, आणि सगळ्यांच्या हातात माझंच वाक्य होतं. पुढे फार दिवस मी मनात आमची जुनी पत्रकं उलटत होते. 'विद्यार्थी म्हणतात.' 'कामगारांचा इशारा.' 'जनता आता सहन करणार नाही.' कुठल्या विद्यार्थ्याला विचारलं होतं? वसतिगृहात चौघींनी चहा पिता पिता जनतेच्या वतीनं इशारे दिले होते. दुसऱ्याच्या तोंडानं बोलायची चटक मला एजन्सीनं लावली नाही. मी ती घेऊनच गेले होते. एजन्सीनं तिला फक्त एसी दिला.

मुग्धा मॅडमकडे गेले. त्या वाईट बाई नाहीत, हे लिहिलंच पाहिजे. वडील चिंचवडच्या कारखान्यात होते, कारखाना बंद पडला आणि घर यांच्या एकटीवर आलं. टेबलावर एका बाजूला दम्याचा पंप, दुसऱ्या बाजूला मोबाइल. मी म्हटलं, "मॅडम, खुलासा काढा. ते वाक्य त्यांचं नव्हतं एवढंच."

"क्लायंट अप्रूव्ह करणार नाही."

"पण ते खोटं आहे."

"अगं, मंत्र्यांचे कोटसुद्धा मीच लिहिते. आजवर एकानं तक्रार केली नाही."

"मंत्री वाचून सही करतात, मॅडम. शेवंताबाईंना कोणी दाखवलं होतं?"

त्यांनी दम्याचा पंप ओढला. मग म्हणाल्या, "तू लिहिलंस, अर्चना. मी तुला फक्त यादी दिली." खरं होतं. कोणाचाही वाटा नाकारता येत नव्हता आणि कोणीही तो उचलत नव्हतं.

उपसंपादकांनी मला उभं राहूनच ऐकलं. "सात महिन्यांनी खुलासा? बाई, त्या अंकात लोकांनी भेळ खाल्ली." मी म्हटलं, तहसीलमधल्या फाइलीत तो अंक अजून ताजा आहे. ते म्हणाले, "उन्हाळ्यात पान भरायला मजकूर नसतो. तुम्ही नेटका पाठवलात, आम्ही लावला. इतका नेटका पाठवायचा नव्हता." हा पुणेरी टोमणा मी अजून पचवतेय. कारण त्यात चूक काहीच नाही.

फेब्रुवारीत पहिल्यांदा पाणंद पाहिली. जिच्याबद्दल लिहिलं ती वाट, लिहिल्यानंतर नऊ महिन्यांनी. दोन्ही बाजूंना घायपाताची रांग, मधेमधे बाभळी. पायाखाली पिठासारखी मऊ, कोमट माती. तिच्यावर सायकलींच्या जुन्या खुणा अजून होत्या, चिखल असताना उमटलेल्या आणि तशाच वाळलेल्या. एका बाभळीच्या फांदीला मुलींनी रिबिनीचे तुकडे बांधलेले. कशासाठी, विचारलं तर मनीषा म्हणाली, "शर्यत लावायचो. हितं पयली पोचल ती बांधायची." काटेकुटे म्हणाल तर एवढे नव्हते. ते मी माझ्या पदरचे घातले होते. पाच मिनिटं चालल्यावर समोर भिंत आली. करड्या सिमेंटची, वर काचा. पलीकडून जनरेटरचा आवाज. वाट भिंतीला टेकून संपली होती. पलीकडे शाळेचं छप्पर दिसत होतं. इतकं जवळ की मधल्या सुट्टीची घंटा ऐकू आली. मनीषा घंटा ऐकत होती आणि तिच्याकडे मला बघवेना.

भिंतीपाशी थांबून ती म्हणाली, "तुमीच लिव्हलं ना, पोरी ऐटीत जात्यात म्हनून?"

"हो."

"ऐटीत म्हंजी कशा? चालून दावा की."

शेवंताबाई ओरडल्या, "मने, गप." पण मनीषा हसत नव्हती. तिला खरंच बघायचं होतं. मी तिथे उभी राहिले. मला पाऊल टाकता आलं नाही.

मी शिवाजीनगरला कोर्टाबाहेरच्या एका नोटरीकडे प्रतिज्ञापत्र केलं. मी अमुक, सज्ञान, लिहून देते की सदर विधान शेवंताबाई यांनी केलेलं नसून ते माझं आहे. आयुष्यातलं सगळ्यात रुक्ष मराठी आणि सगळ्यात खरं. ते जोडून वस्तीनं वर प्रांतांकडे अर्ज केला. एप्रिलमध्ये प्रांतांनी फेरचौकशीचा आदेश दिला. तेव्हा वस्तीवर आम्ही गूळ-शेंगदाणे खाल्ले. मला वाटलं, संपलं. संपलं नाही. तलाठ्यांनी आदेश वाचून समजावला. प्रतिज्ञापत्रामुळे एवढंच सिद्ध होतं, की शेवंताबाई 'कोणी जात नाही' असं म्हणाल्या नाहीत. लोक जात होते, हे सिद्ध होत नाही. आणि वस्तीच्या माणसांचे जबाब धरायचे कसे, ते तर दावेदार. शाळेच्या मुख्याध्यापिका संस्थेला विचारल्याशिवाय बोलणार नाहीत आणि संस्थेच्या नव्या इमारतीवर देणगीदार म्हणून कंपनीचं नाव आहे. ज्याचा त्या वाटेत काही स्वार्थ नाही, असा बाहेरचा साक्षीदार हवा.

मुख्याध्यापिकांनी एवढं मात्र केलंय, मनीषाचं नाव पटावरून काढलेलं नाही. जूनमध्ये आठवीची परीक्षा पुन्हा घेते म्हणाल्या, पण पोरगी रोज येणार असेल तरच. शेवंताबाई म्हणतात, रस्त्यानं पाठवणार नाही. पाणंद उघडली तर जाईल, नाहीतर नाव कापा. त्यांना हट्टी म्हणणाऱ्यांनी एकदा त्या रस्त्याच्या कडेनं, कड असेल तिथे, दप्तर घेऊन चालून बघावं.

महिनाभर मी विश्रांतवाडीत दारोदार फिरतेय. नव्या सोसायट्यांमध्ये वॉचमन वर सोडत नाही. सोडलं तर लोक पाणी देतात, ऐकतात, म्हणतात, "आम्ही कशाला त्यात पडायचं?" एक काका सकाळी रोज त्या वाटेनं फिरायला जायचे. त्यांनी मला पाणंदीतली झाडं मोजून सांगितली. मग म्हणाले, "जबाब नको हं, मुलगा आयटीत आहे." असे सात जण झाले. मला रडायला येत नाही, पण दुपारी पत्र्याखाली कॉटवर पडून मी नवं पत्रक मनात लिहिते आणि प्रत्येक वेळी शेवटच्या ओळीत अडकते. कारण 'पुणेकर हे सहन करणार नाहीत' असं आता मला लिहिता येत नाही. पुणेकर करतात सहन. मी बघितलंय.

म्हणून तुमच्या वतीनं काही लिहीत नाही. तुम्हालाच विचारते.

गेल्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत, भिंत व्हायच्या आधी, चिंचमळ्यावर हुरडा खायला आला होतात ना? ऑफिसची मंडळी, कॉलेजचे ग्रुप, कुटुंबंच्या कुटुंबं. गाड्या आळंदी रस्त्याला शाळेपाशी लावल्यात आणि आत चालत गेलात. कुठल्या वाटेनं गेलात? वाटेत दप्तरं घेतलेल्या पोरी दिसल्या होत्या का? तुमची शेवंताबाईंशी ओळख नाही, भांडण नाही, स्वार्थ नाही. तहसीलला हवा असलेला साक्षीदार तुम्ही आहात.

या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, सकाळी दहा वाजता, मंडल अधिकारी आणि तलाठी भिंतीपाशी पाहणीला येणार आहेत. तिथे या. तुमच्या नावानं, तुमच्या तोंडानं जबाब द्या आणि तो वाचल्याशिवाय सही करू नका. चाललात तेवढंच सांगा. दोनदा गेला असाल तर दोनदा. मी केलं तसं, एक शब्दही सजवू नका.